मृत खातेदाराचा हुकूम

हिंदुस्थानातील करारविषयक कायदा इ. स. १८७२ साली झाला. त्याच्या कलमांखाली ठिकठिकाणी लहान लहान उदाहरणे दिलेली आहेत. त्यांतील पात्रांस नावे नाहीत. अ, ब, क, ड अशी केवळ अक्षरे आहेत. ही अक्षरे माल विकतात, कर्जे काढतात, एकमेकांस फसवितात आणि प्रसंगी मरतातही. मुखत्यारीसंबंधीच्या २०८ व्या कलमाखाली अशी तीन उदाहरणे असून त्यांपैकी दुसऱ्यात मद्रासचा एक गृहस्थ मुंबईच्या वखारीतील आपला कापूस विकण्याविषयी पत्र लिहितो, तर तिसऱ्यात मृत्यूचा प्रसंग आहे. अ याने आपला मुखत्यार ब यास सांगून ठेवले होते की, क यास अमुक रक्कम द्यावी. पुढे अ मरण पावला व ड हा त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक झाला. अ गेल्याची वार्ता ब च्या कानी येण्यापूर्वीच ब ने क यास पैसे देऊन टाकले. आता ड ने ब कडून ते पैसे भरून मागावेत काय? कायदा म्हणतो, मागता येणार नाहीत. मालकाच्या मृत्यूने मुखत्याराचा अधिकार संपतो हे २०१ व्या कलमाने सांगितलेच आहे. परंतु मुखत्यारापुरता तो संपतो तो त्यास ती गोष्ट कळेल तेव्हा.

हे उदाहरण न्याय्य आहे याविषयी दुमत होणार नाही. मात्र त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. क यास पैसे द्यावेत हा हुकूम अ चाच होता. तो जिवंतपणी दिला गेला, फक्त अंमलात उशिरा आला. आता याच अक्षरांस आजच्या शहरातील एका घरात आणून ठेवावे. अ पहाटे वारला. त्याचे बँकेचे कार्ड कपाटात आहे व त्याचा चार आकड्यांचा गुप्तांक घरातल्या एकास ठाऊक आहे. दुपारी कोपऱ्यावरच्या यंत्रातून दहा हजार रुपये निघाले, दुसऱ्या दिवशी आणखी दहा हजार, आणि तेरावा होईपर्यंत खाते जवळजवळ रिते झाले. यांपैकी एकही हुकूम अ ने दिलेला नाही. तथापि बँकेच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी अ स्वतः येऊन पैसे घेऊन गेला असेच उमटलेले आहे. हा तोटा कोणी सोसावयाचा? बँकेने, वारसांनी, की पैसे काढणाराने? प्रश्न यंत्रयुगातला दिसतो. परंतु त्याचे उत्तर ज्या विटांनी रचलेले आहे त्या विटा बऱ्याच जुन्या आहेत.

पहिली वीट लंडनच्या उमराव सभेने १८४८ साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात बसविली. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत आजही अशी समजूत आढळते की, बँकेत ठेवलेला पैसा आपला असून बँक केवळ त्याची राखणदार आहे. कायद्याची दृष्टी निराळी आहे. बँकेत पैसा भरला की तो बँकेचा झाला. खातेदाराच्या पदरात राहिले ते त्या रकमेचे येणे. बँक ही विश्वस्त नव्हे, ऋणको होय. ज्या खातेदाराने ही फिर्याद लढविली त्यास या तत्त्वाचा काडीमात्र उपयोग झाला नाही. बँकेस विश्वस्त ठरवून तिच्याकडून हिशेब घ्यावा हा त्याचा हेतू होता व तो हरला. परंतु पुढील पिढ्यांतील खातेदारांस हेच तत्त्व ढालीसारखे उपयोगी पडले. पैसा जर बँकेचाच, तर भलत्या इसमास दिला गेलेला पैसाही बँकेचाच गेला. खातेदाराचे येणे होते तसेच राहिले. चोर बँकेस लुटून गेला, खातेदारास नव्हे.

खोट्या सहीच्या चेकाचा सारा कायदा याच एका विचारातून निघतो. खोटी सही म्हणजे हुकूमच नव्हे, मग ती कितीही हुबेहूब असो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कॅनरा बँकेच्या एका गाजलेल्या खटल्यात हेच सांगितले. त्यात एका कंपनीच्या हिशेबनीसाने खोट्या सह्यांचे ४२ चेक वटवून सव्वातीन लाखांवर रक्कम उचलली होती. कंपनीने आपली खातेपुस्तके वेळच्या वेळी तपासली नाहीत, सबब ती गप्प बसली असे समजावे, असा बँकेचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. फसवणूक ठाऊक असून जो गप्प बसतो त्याची गोष्ट वेगळी. इंग्लंडात १९३३ साली उमराव सभेपुढे मार्टिन्स बँकेचा खटला आला होता, तो अशा गप्प बसण्याचा होता. एका गृहस्थाची पत्नी त्याची खोटी सही करून पैसे काढीत असे. त्यास ते कळले. परंतु तिच्या विनवणीवरून तो कित्येक महिने बोलला नाही. पुढे तो बँकेत जाण्यास निघाला तेव्हा तिने आत्महत्या केली. नंतर त्याने बँकेवर दावा लावला, आणि न्यायाधीशांनी तो फेटाळला; कारण त्याच्या मौनामुळे त्या बाईवर दावा लावण्याची बँकेची संधी तिच्या मृत्यूबरोबर नष्ट झाली होती. निकाल कठोर वाटतो, पण चुकीचा म्हणता येणार नाही. कळल्यावर बोलले पाहिजे, हा दंडक मृत खातेदाराच्या वारसांस पुढे कसा लागू पडतो ते दिसेलच.

दुसरी वीट मृत्यूची. इंग्लंडच्या १८८२ च्या हुंड्यांविषयीच्या कायद्यात ७५ वे कलम आहे. चेक वटविण्याचा बँकेचा अधिकार दोन गोष्टींनी संपतो असे ते सांगते. एक, खातेदाराने पैसे देऊ नका असे कळविणे. आणि दुसरी, खातेदाराच्या मृत्यूची वर्दी. कायदा करणारांनी येथे नुसते मृत्यू म्हटले नाही, मृत्यूची वर्दी म्हटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडील १८८१ च्या कायद्यात असे स्वतंत्र कलम नाही. तेथे आरंभी सांगितलेले १८७२ चे उदाहरणच उपयोगी पडते, आणि दोहोंचा अर्थ एकच होतो. बँक सर्वज्ञ नाही. खातेदार रात्री वारला हे सकाळी खिडकीशी बसलेल्या कारकुनास कळण्याचा मार्ग नाही, म्हणून त्या सकाळी वटविलेल्या चेकासाठी त्यास दोषी धरावयाचे नाही. पण एकदा वर्दी पोचली की मग क्षमा नाही. पुढे दिलेला पैसा बँकेने स्वतःच्या खिशातून दिला असे समजावयाचे.

अमेरिकेने या नियमास एक सौम्य वळण दिले आहे. तेथील एकरूप व्यापारी संहितेच्या ४-४०५ या कलमाप्रमाणे मृत्यूची बातमी कळल्यानंतरही, मृत्यूच्या तारखेपासून दहा दिवसपर्यंत, मृत्यूपूर्वी अथवा त्या दिवशी लिहिलेले चेक बँक वटवू शकते. हेतू असा की, आजारी माणसाने औषधवाल्यास, घरमालकास, दूधवाल्यास दिलेला शेवटचा चेक परत जाऊ नये व त्या लहानसहान धनकोंस न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. हा नियम माणुसकीचा आहे; परंतु तो शक्य कशामुळे होतो हे ध्यानात घेतले पाहिजे. चेकावर तारीख असते, सही असते, घेणाराचे नाव असते. मेलेल्या माणसाने जिवंतपणी काय सांगितले, ते त्या कागदाच्या तुकड्यावरून वाचता येते. जिवंत माणसाचा उशिरा पोचलेला हुकूम आणि मृत्यूनंतर दुसऱ्याने उभा केलेला हुकूम, या दोहोंमधील भेद कागद सांगू शकतो.

यंत्रास हा भेद सांगता येत नाही, आणि येथूनच खरी अडचण सुरू झाली.

पैसे देणारे यंत्र लंडनच्या उत्तरेकडील एनफील्ड या उपनगरात बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी उभे केले. ते सिद्ध करणारे जॉन शेपर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ साली आपल्याच शिलाँग येथे झाला होता. त्या पहिल्या यंत्रात आजच्यासारखे कार्ड नव्हते. किंचित किरणोत्सर्गी द्रव्य लावलेला कागदी तुकडा आत घालावा लागे आणि त्याबद्दल दहा पौंड मिळत. गुप्तांकाविषयी शेपर्ड-बॅरन स्वतः सांगत की, त्यांच्या मनात सहा आकडे होते. परंतु त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगितले की, आपल्याला चारच आकडे लक्षात राहतात. म्हणून चार ठरले. सांकेतिक कार्ड व त्याबरोबरचा गुप्त आकडा यांचे पेटंट जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याने १९६६ सालीच मागितले होते, तेव्हा श्रेयाचा वाद आहेच. हिंदुस्थानात असे पहिले यंत्र १९८७ साली हाँगकाँग अँड शांघाय बँकेने मुंबईत बसविले. १९९७ मध्ये बँकांच्या संघाने मुंबईत ‘स्वधन’ नावाचे सामायिक जाळे सुरू केले. ते काही वर्षांनी बंद पडले, पण २००४ पासून देशभरच्या यंत्रांस जोडणारी नवी यंत्रणा उभी राहिली, आणि कोणत्याही बँकेचे कार्ड कोणत्याही यंत्रात चालू लागले.

सोय मोठी झाली यात संशय नाही. परंतु या चार आकड्यांनी सहीची जागा घेतली तेव्हा एक गोष्ट हातची गेली, आणि तिच्याविषयी त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही. सही ही माणसाच्या हातात असते. ती दुसऱ्यास देता येत नाही. फार तर तिची नक्कल करता येते, आणि नक्कल ही नक्कल म्हणून ओळखता येण्याचा संभव असतो. आकड्याची नक्कल होत नाही. ज्यास तो कळला त्याच्याजवळ तो मूळचाच असतो. सासऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून सून त्यांचे कार्ड घेऊन जाते. आजोबांना आकडा आठवत नाही म्हणून तो पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवलेला असतो. रुग्णालयातून मुलास फोनवर तो सांगितला जातो. बँकांच्या छापील अटींत हे सर्व निषिद्ध आहे, आणि घरोघर हेच चालते. सही माणसाबरोबर चितेवर जाते. आकडा मागे राहतो. यंत्राच्या दृष्टीने खातेदार मेलेलाच नसतो.

आरंभी तर बँकांची भूमिका याहूनही ताठर होती. कार्ड आणि आकडा यांवाचून यंत्र पैसा देत नाही. सबब पैसा निघाला म्हणजे तो खातेदारानेच काढला किंवा त्याच्या निष्काळजीपणाने निघाला, असे त्या म्हणत. इंग्लंडात आपण न काढलेले पैसे खात्यातून गेल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या, त्यांस हेच उत्तर मिळे. एका पोलीस शिपायाने अशी तक्रार केली, तेव्हा त्याच्यावरच लबाडीने पैसे मागितल्याचा खटला होऊन १९९४ साली त्यास दोषी ठरविण्यात आले. १९९६ साली अपिलात तो सुटला. कारण त्याच्या बाजूच्या तज्ज्ञास यंत्रणा तपासू देण्यास त्या वित्तसंस्थेने नकार दिला, आणि जी यंत्रणा तपासता येत नाही तिचा पुरावा न्यायालयाने घेतला नाही. दोन वर्षे त्या माणसाने काय सोसले असेल याची कल्पनाच केलेली बरी. अमेरिकेत मात्र १९७८ सालीच कायदा होऊन पुराव्याचा भार बँकेवर टाकला गेला होता. दोन दिवसांत कळविल्यास खातेदाराचा तोटा ५० डॉलरपुरता मर्यादित झाला. १९८० साली न्यूयॉर्कच्या दिवाणी न्यायालयापुढे एका बाईचा ८०० डॉलरचा दावा आला. आपण त्या वेळी कामावर होतो असे तिने सांगितले. बँकेने यंत्राच्या नोंदी दाखविल्या. न्यायाधीशाने बाईच्या साक्षीवर विश्वास ठेवून तिच्या बाजूने निकाल दिला. इंग्लंडात प्राध्यापक जॅक यांच्या समितीने १९८९ साली खातेदाराची जबाबदारी ५० पौंडांपुरती मर्यादित करण्याची शिफारस केली.

आपल्याकडे गाडी हळू चालली. २०११ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका प्रकरणात बँकेचाच पक्ष उचलून धरला. कार्ड व गुप्तांक यांवाचून पैसा निघणे शक्य नाही असे आयोगाचे मत पडले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या दामोदरन समितीने अहवाल सादर करून खातेदारावर अशा तोट्याचा बोजा पडू नये अशी सूचना केली. तिला मूर्त रूप येण्यास सहा वर्षे लागली. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने पुढील व्यवस्था ठरविली. चूक बँकेची असेल तर खातेदाराने काहीही सोसावयाचे नाही. चूक बँकेचीही नव्हे व खातेदाराचीही नव्हे, तिसऱ्याच ठिकाणची असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविल्यास त्याचा तोटा शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास साध्या बचत खात्यापुरता जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. आणि खातेदाराने स्वतःच गुप्तांक दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस वर्दी देईपर्यंतचा सगळा तोटा त्याचा व वर्दीनंतरचा बँकेचा. खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील हेही त्यात स्पष्ट सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली याच परिपत्रकाच्या आधारे एका खात्यातून परस्पर गेलेले ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा हुकूम एका बँकेस दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आसामकडील एका प्रकरणात बँकेचीच जबाबदारी कायम केली.

ही सर्व व्यवस्था जिवंत खातेदारासाठी रचलेली आहे. तीन दिवसांत कोणी कळवावयाचे? खातेदाराने. संदेश कोठे येतो? त्याच्या फोनवर. मृताचा फोन बहुधा कपाटात बंद पडलेला असतो, किंवा जो पैसे काढतो त्याच्याच खिशात असतो. अशा वेळी दिवस कधीपासून मोजावयाचे? केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली जिवंत खातेदाराच्या प्रकरणात म्हटले होते की, संदेश पाठविला व त्यास उत्तर आले नाही एवढ्यावरून खातेदारावर जबाबदारी ढकलता येत नाही. सर्वच माणसे संदेश वाचीत नाहीत. मग ज्यास वाचण्यास डोळेच उरले नाहीत त्याच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच बळकट होतो. वारसांस ज्या दिवशी खरोखर कळले त्या दिवसापासून मोजणे हाच न्याय दिसतो. परंतु त्या दिवसापासून मात्र वारसांनीही वेळ दवडू नये. मार्टिन्स बँकेच्या खटल्यातील तो गृहस्थ येथे आठवावा.

जुन्या विटा व नवा नियम एकत्र ठेवून पाहिल्यास मृत खातेदाराच्या प्रकरणाचे चित्र बरेच स्पष्ट होते. वर्दी मिळाल्यानंतर कार्ड चालू राहिले व पैसा गेला, तर तो बँकेचा गेला. १८८२ चा नियमही हेच सांगतो आणि २०१७ चाही. मृत्यूचा दाखला खिडकीवर देऊनही कार्ड बंद झाले नाही असे कोठे घडले, तर त्या वारसाने बँकेची एकही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही. दाखला दिल्याची पोच मात्र त्याच्याजवळ असली पाहिजे, कारण सगळा वाद शेवटी त्या तारखेवर येऊन थांबतो.

वर्दीपूर्वीचा काळ अवघड आहे. पैसे काढणारा परका चोर असेल, तर खातेदार जिवंत असता तर जे झाले असते तेच होईल. हुकूम नव्हता, म्हणून देणेही फिटले नाही. परंतु बहुतेक वेळा तो परका नसतो. तो मुलगा असतो, पुतण्या असतो, कधी विधवा पत्नीच असते. आकडा त्यास मृतानेच विश्वासाने सांगितलेला असतो. अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्याने यासाठी एक सूक्ष्म नियम केला. ज्यास खातेदाराने स्वतः कार्ड सोपविले त्याने काढलेला पैसा अनधिकृत ठरत नाही. खातेदाराने ‘यापुढे यास अधिकार नाही’ असे बँकेस कळविल्यावर मात्र ठरतो. मृत माणूस हे कळविणार कसे? मृत्यूने त्याची अनुमती संपली हे खरे. पण बँकेस ते कळले नाही, आणि विश्वासाने आकडा देणारा तोच होता. येथे १८७२ च्या उदाहरणाचे तत्त्व बँकेच्या बाजूस झुकते, आणि बँक बहुधा सुटते. पैसे काढणारा मात्र सुटत नाही. तो इतर वारसांस हिशेब देणे लागतो. मृताच्या ताब्यातील मालमत्ता, ती योग्य हक्कदाराच्या हाती पडण्यापूर्वी, अप्रामाणिकपणे बळकावणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या ४०४ व्या कलमाने गुन्हा होता, व २०२३ च्या भारतीय न्यायसंहितेच्या ३१५ व्या कलमाने तो आजही आहे.

परंतु ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाचे वजन विसरून चालणार नाही. अंत्यविधीस पैसे लागतात, रुग्णालयाचे बिल दारात उभे असते, आणि घरातली सगळी रोकड त्या एका खात्यात असते. १९२५ च्या वारसा कायद्याच्या ३२० व्या कलमाने अंत्यविधीचा वाजवी खर्च व शेवटच्या महिन्यातील औषधोपचार यांस मृताच्या इतर सर्व कर्जांच्या आधी स्थान दिले आहे. तेव्हा ज्या मुलाने कार्डाने वीस हजार काढून ते स्मशानात व रुग्णालयात भरले, त्यास चोर म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने पावत्या ठेवाव्यात व भावंडांस आधी सांगावे, एवढेच. दुःख याचे वाटते की, असल्या खर्चावरून नव्हे, तर त्याविषयी कोणी कोणास काही सांगितले नाही यावरून भावाभावांत वैर पडते, आणि मग तक्रार बँकेच्या नावाने होते. बँकेवरील कित्येक दावे हे मुळात घरातले दावे असतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्या घरांत आणखी एक पेच असतो. मृत्यूच्या तारखेनंतरच्या काळाचे जे वेतन खात्यात येऊन पडते ते मृताच्या मालमत्तेचा भाग नव्हेच. ते परत जावयाचे असते. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागतात तो याचसाठी. अशी रक्कम कार्डाने काढली तर वसुली घरावर येते.

सरळ मार्ग असता लोक कार्डाकडे का वळतात? कारण सरळ मार्ग फार दिवस वाकडा होता. मुंबई इलाख्यात वारसांस दाखला देण्याची तरतूद १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनने झाली, आणि महाराष्ट्रातील न्यायालयांत त्या रेग्युलेशनाखाली आजही अर्ज होतात. पुढे १८८९ व १९२५ च्या कायद्यांनी वारसा प्रमाणपत्राची पद्धत बसविली. तिच्यात महिने जात. बँकेच्या खात्यावर नाव नेमून ठेवण्याची सोय तर १९८३ च्या दुरुस्तीने झाली व १९८५ साली अंमलात आली. हा नेमलेला इसम पैसा स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून चौघांपर्यंत नावे नेमता येऊ लागली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनी, कागदपत्रे पुरी झाल्यापासून पंधरा दिवसांत मृताच्या खात्याचा निकाल लावावा व बँकेकडून विलंब झाल्यास बँक दरावर आणखी ४ टक्के भरपाई द्यावी, असे ठरविले. आणि नाव नेमलेले नसले तरी व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी सोपी रीत घालून दिली. मार्ग इतका सरळ झाला असता मृताचे कार्ड यंत्रात घालण्याची गरज बरीच कमी व्हावी.

वर्दीचा प्रश्न मात्र जेथल्या तेथे आहे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हावयाची असते. २०२३ च्या दुरुस्तीने त्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर एकत्र ठेवण्याची व मतदारयाद्या, शिधापत्रिका इत्यादींशी जुळविण्याची तरतूद केली. इंग्लंडात एकच निवेदन भरून अनेक बँकांस एकदम मृत्यू कळविण्याची सोय २०१८ पासून झालेली आहे. आपल्याकडे नगरपालिकेच्या वहीत नाव चढले म्हणजे ते बँकेच्या यंत्रास आपोआप कळते असे नाही. दाखल्याची प्रत, पासबुक व ते कार्ड घेऊन घरातल्या कोणीतरी शाखेत जावे लागते, अर्ज द्यावा लागतो, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा लागतो.